मेंदी घोडीची तक्रार

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. माझं नाव मेंदी. वय झालं की जनावर निवतं, असं माणसं म्हणतात. मी काही निवलेली नाही. अजूनही कोणी फाटकाशी येऊन "मालक कुठे आहेत?" असं विचारलं की माझे कान मागे जातात आणि पुढचा खूर आपोआप जमिनीवर आपटतो. असं का होतं, ते सांगायला मी आज बसले आहे. बसले म्हणजे उभीच आहे. आम्ही घोडे उभ्यानेच सगळं करतो.

माझा जन्म एका व्यापाऱ्याच्या तबेल्यात झाला. आई मला नीटशी आठवत नाही. आठवतो तो एका गिऱ्हाइकाचा अंगठा. त्याने माझं तोंड धरलं, डाव्या डोळ्याखालचे केस अंगठ्याने फिरवून पाहिले आणि "अरेरे" म्हणून तो पुढच्या घोडीकडे गेला. माझ्या त्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. घोड्यांच्या बाजारात त्याला आसूढाळ म्हणतात. असा भोवरा असलेली घोडी आणली की घरात रडारड होते, अशी समजूत. माझे पाय सरळ होते, छाती रुंद होती, रंग तर मेंदी रंगलेल्या तळहातासारखा. पण पायांपर्यंत कोणाची नजर जायचीच नाही. सगळे डोळ्यापाशी थांबायचे आणि निघून जायचे. मित्रांनो, तुमच्यातला एकही गुण न बघता कोणी रोज तुम्हाला "अरेरे" म्हणू लागलं, तर तुम्ही तरी लाथ मारायला शिकणार नाही का? मीही शिकले.

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोडेबाजार मोठा. व्यापाऱ्याने मला तिथे नेलं. माझ्या दोन्ही बाजूंची जनावरं विकली गेली आणि मी तिथेच, धुळीत, तोंडात कडब्याचं धाट धरून उभी. अशा वेळी एक बाई माझ्यासमोर येऊन थांबली. उंच, सावळी, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. तिच्यामागे बऱ्याच अंतरावर तिचा नवरा. अंतर ठेवण्याचं कारण मला लगेच कळलं. त्याच्या अंगाला भीतीचा वास येत होता. हा माणूस घोड्यांना घाबरत होता.

बाई सरळ माझ्या खांद्याशी आली. मी कान पाडले. ती थांबली, घशातून एक हलका आवाज काढला, आणि मग हात खांद्यावरून खाली सरकवत माझा खूर उचलला. इतक्या सहज उचलला की लाथ मारायचं मी विसरूनच गेले.

व्यापारी तिच्या नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, वहिनींना जरा मागे घ्या. घोडी खट्याळ आहे."

"खट्याळ नाही, वैतागलेली आहे," बाई म्हणाली. "दात दाखवा."

व्यापाऱ्याने दात दाखवले, पण नवऱ्याला. तो बिचारा लांबूनच मान हलवत राहिला. बाई विचारायची, व्यापारी उत्तर नवऱ्याला द्यायचा. नवरा बाईकडे बघायचा, बाई ठरवायची, आणि व्यापारी पुन्हा नवऱ्याला म्हणायचा, "वा भाऊ, पारख चांगली आहे तुमची!" मी तेव्हा लहान होते, तरी मला त्या माणसाला चावावंसं वाटलं.

ही बाई म्हणजे कोकिळाअक्का. तिचे वडील अभिमन धुळ्यात टांगा हाकायचे. रिक्षा आल्या आणि टांगा बंद पडला. पण तोवर पोर घोड्यांच्या पायांतच वाढली होती. लग्न होऊन ती पारोळ्याच्या बाजूला, बोरी नदीकाठच्या गावात आली. सासरी कापूस, दादर ज्वारी, दोन बैल, एक म्हैस. तिचा नवरा प्रेमराज स्वभावाने मऊ होता. कोणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. बायको म्हणाली घोडी घ्यायची, तो हो म्हणाला. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याचे आभार मानते. पुढे त्याच्या ह्याच "हो"ने आमचा घात केला.

घरी आल्यावर सासूबाई, झुंबरबाई, ओट्यावरून उतरून आल्या. त्यांची नजरही थेट डोळ्याखाली.

"हाई काय लई उनी वो माय? डोयाखाले भवरा शे तिना. घर रडावस असं जनावर!"

"घोडी शे माय, भूत नही," अक्का म्हणाली आणि मला निंबाखाली बांधलं.

त्या दिवसापासून गावात जे जे वाईट झालं, ते माझ्या डोळ्यामुळे झालं. विहिरीवरची मोटर जळली, मेंदीमुळे. कोणाची सोयरीक मोडली, मेंदीमुळे. अहो, मी त्या मुलीला पाहिलंसुद्धा नव्हतं! अक्का रोज सकाळी मला खरारा करायची आणि त्या भोवऱ्यावरून मुद्दाम हात फिरवायची. खरारा करताना ती माझ्याशी बोलायची. घरात बोलून काही उपयोग नव्हता, म्हणून सगळं माझ्या कानात. त्यामुळे पुढचं जे मी सांगते, त्यातलं काही पाहिलेलं आहे आणि काही तिच्या तोंडून ऐकलेलं.

तिच्या मनात वरातीसाठी घोडी ठेवणं नव्हतं. तिला घोड्यांची पैदास करायची होती. "नाचवायचे घोडे कोणीही करतं," ती म्हणायची. "मला असे घोडे हवेत की लहान मूल पाठीवर बसवून आईने निर्धास्त मागे फिरावं." आमच्या भागात तोवर कोण्या बाईने हे काम केलेलं नव्हतं. बाईने म्हैस राखावी, शेळ्या राखाव्यात, कोंबड्या राखाव्यात. घोडा मात्र पुरुषांचा. असं कुठे लिहिलं आहे हे मला कोणी अजून दाखवलेलं नाही.

पैदाशीसाठी चांगला घोडा हवा. तो धुळ्याजवळ जगदीश नावाच्या माणसाकडे होता. अक्का मला घेऊन पायी निघाली. महामार्गावर रावेरकडून केळी भरून येणारे ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखे जात. संध्याकाळी पोचलो तर जगदीश दारातच म्हणाला, "ताई, ह्या कामाचं मी बायांशी बोलत नाही. बरं दिसत नाही. मालकाला पाठवा."

"घोडी माझी आहे. मीच मालक."

"तसं नाही ताई, तुम्ही समजून घ्या."

सगळी माणसं तिला समजून घ्यायला सांगत. तिला समजून घेण्याची पाळी कोणाची कधी येत नसे. आम्ही आल्या वाटेने परत निघालो. दावं तिने इतकं घट्ट धरलं होतं की माझा जबडा ओढला जात होता. पुन्हा एकदा गेली, पुन्हा तेच ऐकून आली. शेवटी ती प्रेमराजला स्कूटरवर पुढे पाठवून माझ्यासोबत मागून आली. त्याच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं, "आमच्या घोडीला तुमचा घोडा हवा." तो ते वाक्य लांब उभा राहून, माझ्याकडे पाठ करून बोलला. जगदीशने लगेच चहा मागवला. काम झालं.

अक्काला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. ती परत येताना रडली. मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

पुढच्या वर्षी, दादर कापायच्या सुमाराला, मी व्याले. पहाटे कळा सुरू झाल्या आणि उजाडलं तरी शिंगरू बाहेर येईना. त्याचा एक पाय आत दुमडला होता. अक्काने कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं आणि माझ्यामागे गुडघ्यांवर बसली. प्रेमराज अंगणाच्या टोकाला देवाचं नाव घेत उभा. कोणी पुढे यायला तयार नाही. तेव्हा झुंबरबाई पदर खोचून आल्या आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ज्या डोळ्याला त्या वर्षभर शिव्या देत होत्या, तोच डोळा त्यांच्या तळहाताखाली होता.

"धीर धर माय, धीर धर," त्या म्हणत होत्या. मला की सुनेला, कोणास ठाऊक.

अक्काने तो पाय हळूहळू सरळ केला आणि शिंगरू गवतावर आलं. काळंभोर, कपाळावर एक पांढरा ठिपका. तिने त्याच्या नाकातला चिकटा आपल्या पदराने पुसला. त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं.

पाखऱ्याला तिने कसं वाढवलं ते मी पाहिलं आहे. काठी नाही, आसूड नाही. रोज थोडं चालवणं, थोडं थांबवणं, पाय उचलायला शिकवणं. गावात वरात आली की ती त्याला घेऊन वाजंत्रीच्या जवळ उभी राहायची, गळा खाजवत. तो आधी थरथरायचा, मग कान टवकारायचा, मग चक्क डुलकी काढायचा. गावातली चिल्लीपिल्ली त्याच्या पोटाखालून इकडून तिकडे जायची. मोठा झाला तसा तो असा देखणा दिसू लागला की रस्त्यावरची माणसं मोटारसायकल थांबवून बघत. आणि विचारत, "प्रेमराजभाऊंचा का?"

मग धुळ्याला घोड्यांचं प्रदर्शन भरलं. अक्का पाखऱ्याला घेऊन गेली. मलाही नेलं, कारण आई सोबत असली की तो शांत राहायचा. मैदानात अक्काने त्याला चालवलं, पळवलं, थांबवलं. दावं ढिलं सोडून ती दूर गेली, तरी तो जागचा हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात पहिल्यांदा मान ताठ करून उभं राहावंसं वाटलं.

थोड्या वेळाने भोंग्यावरून नाव आलं. "पहिला क्रमांक! पारोळा तालुक्यातील प्रेमराज पाटील यांचा घोडा, पाखऱ्या!"

अक्का तशीच पुढे निघाली. एक कार्यकर्ता धावत आला. "ताई, घोडा मालकांच्या हातात द्या. फोटो काढायचा आहे."

आणि मित्रांनो, तिने दावं दिलं. दमलेली होती, की लोकांसमोर नवऱ्याचा अपमान नको म्हणून, ते तिने मला कधी सांगितलं नाही. प्रेमराजला फेटा बांधला. तो दाव्याचं अगदी टोक धरून, पाखऱ्यापासून जमेल तितका लांब उभा राहिला आणि हसला. एका वाक्यात सगळं नीट झालं असतं. "घोडा माझ्या बायकोने वाढवला," एवढं म्हणायचं होतं. तो बोलला नाही. मी खिंकाळले. लोक म्हणाले, घोडी खूश झाली.

त्याच गर्दीत कुवरसिंग आला. नाचते घोडे तयार करून वरातींना पुरवणारा माणूस. त्याने प्रेमराजचा हात धरला, वर रुमाल टाकला, आणि रुमालाखाली बोटांनी भाव सांगितला. आजूबाजूला माणसं जमली. डोक्यावर नवा फेटा, सगळे भाऊ भाऊ करतायत, आणि प्रेमराजला तर नाही म्हणता येतच नाही. त्याने मान हलवली. पाखऱ्या विकला गेला.

घरी आल्यावर जे झालं ते मी निंबाखालून ऐकलं.

"लोके इचारी ऱ्हायनात, मी काय सांगू?" प्रेमराज म्हणाला. "चार मानसंसमोर शब्द दिधा ना मी."

"शब्द तुम्हना," अक्का म्हणाली. "घोडा मना."

"आते कसं माघार लेऊ? मानसं काय म्हनतीन?"

"त्याले पोसं कोनी? त्याना पाय कोनी सरळ कया? तई कोठे व्हतात ती मानसं?"

दुसऱ्या दिवशी गावातली मोठी माणसं ओट्यावर बसली. सगळ्यांनी अक्काचं कौतुक केलं, खूप कष्ट घेतले म्हणाले. आणि मग सांगितलं, पुरुषाने दिलेला शब्द मोडता येत नाही. पिकअप गाडी आली. पाखऱ्याला फळीवरून चढवायला अक्कालाच बोलावलं, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हाताने चढेना. हे सगळ्यात वाईट होतं. तो तिच्या भरवशावर चढला.

मी त्या दिवशी गव्हाणीची फळी मोडली. आणखी काय करू शकत होते?

अक्काने नवऱ्याशी बोलणं सोडलं. भाकरी वाढायची, बोलायची नाही. मला खरारा करतानासुद्धा गप्प. असे काही महिने गेले. मग कोणीतरी सांगितलं की पाखऱ्या नीट चालत नाही. नाचायला लावण्यासाठी त्याला दोन खांबांमध्ये बांधून गुडघ्यांवर छडी मारत होते. त्याला कोणी कधी मारलंच नव्हतं, त्यामुळे मार म्हणजे काय सांगणं आहे हे त्याला कळेना. तो मागे उसळला, दोरांत अडकला आणि मागचा पाय दुखावून बसला.

अक्का कुवरसिंगकडे गेली. तो म्हणाला, "व्यवहार मालकाशी झाला आहे. मालकाला पाठवा." ती तशीच परत आली. अंगणात उभी राहिली. प्रेमराज खाटेवर बसला होता. ती काही मागायला तयार नव्हती, आणि तो काही विचारायला धजत नव्हता. मला दोघांनाही एकेक लाथ घालावीशी वाटत होती. पण मी बांधलेली.

झुंबरबाईंनीच तोंड उघडलं. लेकाला म्हणाल्या, "फोटोमा हासाले तोंड उघडं ना तुनं? मंग आते बी उघड. जाय तिना संगे."

तो गेला. तिथे काय झालं ते अक्काने नंतर मला सांगितलं, आणि सांगताना तिचा हात कितीतरी वेळ माझ्या पाठीवर एकाच जागी थांबला होता. कुवरसिंगच्या अंगणात पाच-सहा माणसं बसली होती. प्रेमराज सगळ्यांसमोर म्हणाला, "घोडा मना नव्हताच. हिना शे. दुसराना जनावरवर शब्द दिधा मी. माले लबाड म्हना, काय म्हननं ते म्हना."

माणसं हसली. एकाने विचारलं, "म्हणजे घरात बाई राज्य करते का?" प्रेमराजचा चेहरा लाल झाला. पण तो उठला नाही. "घोड्यावर तिनंच राज्य शे," तो म्हणाला.

तुम्हाला वाटेल, कुवरसिंगचं मन द्रवलं. तसं काही नाही. तो जांभई देत म्हणाला, "घेऊन जा. पाय गेलाय त्याचा. वरातीत उभा राहत नाही, नुसता खातो." घेतलं-दिलं परत झालं आणि पाखऱ्या मिळाला. तिचा होता म्हणून नव्हे, मोडला होता म्हणून मिळाला. ही गोष्ट अक्काच्या मनातून अजून गेलेली नाही. माझ्याही नाही.

त्याला गाडीत चढायची भीती बसली होती. म्हणून ती दोघं त्याला चालवत घेऊन आली, थांबत, बसत. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला प्रेमराज. फाटकातून आत आले तेव्हा प्रेमराजच्या अंगाला अजूनही तोच भीतीचा वास होता. पण दावं त्याच्या हातात होतं, आणि ह्या वेळी टोक नव्हे, तोंडाजवळचं.

जनावरांच्या डॉक्टर हेमलताताई पारोळ्याहून आल्या. त्यांनी पाय दाबून पाहिला. "पळणं संपलं," त्या म्हणाल्या. "पण जीवाला धोका नाही. आणि त्याची शिंगरं काही लंगडी होणार नाहीत."

तिथून आमचं अंगण वाढलं. पाखऱ्याची शिंगरं आज पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत आहेत. शांत, मजबूत, मुलांना पाठीवर घेणारी. घोडीवाले लांबून येतात. त्यातले निम्मे अजूनही आधी प्रेमराजला नमस्कार करतात. तो बोट दाखवून अक्काकडे पाठवतो. ते अक्काशी बोलतात आणि जाताना पुन्हा त्यालाच "येतो मालक" म्हणतात. अक्का आता हसते. मला हसता येत नाही. इतकी वर्षं, इतकी शिंगरं, आणि तरी एवढी साधी गोष्ट माणसांच्या डोक्यात शिरत नाही, ह्याचा मला फार राग आहे.

गेल्या महिन्यात महामार्गाच्या कडेला कोणीतरी एक घोडी सोडून दिली. वरातीची असावी. कपाळावर म्होरकीचे वण, तोंडाच्या कडा लगामाने फाटलेल्या, बरगड्या मोजता येतील अशा. हंगाम संपला, खायला घालणं नको, म्हणून सोडली. माणसं मोटारी थांबवून फोटो काढत होती आणि एकमेकांना विचारत होती, "कोणाची आहे?" कोणाचीच नसल्याचं कळल्यावर पुढे जात होती.

अक्का तिला घेऊन आली. ती कोणाला जवळ येऊ देईना. ढोलकीसारखं काही दूरवर वाजलं तरी अंग चोरायची. अक्काने पाण्याची बादली तिच्यापासून थोडी लांब ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. मटकी निवडायची होती, तीही तिथेच निवडत बसली. ऊन उतरलं. माझ्या शेजारी पाखऱ्या उभ्या-उभ्या पेंगत होता. शेवटी त्या घोडीने मान लांब केली, बादलीत तोंड घातलं आणि प्यायला लागली. अक्काने मागे वळून पाहिलं नाही. फक्त मटकी निवडणारा हात थांबवला, आवाज होऊ नये म्हणून.

मित्रांनो, माझं फार दिवसांचं काही उरलेलं नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुठे एखादं जनावर उभं दिसलं, तर ते कोणाचं आहे, देखणं आहे की नाही, त्याच्या अंगावर कुठला भोवरा आहे, हे सगळं नंतर विचारा. आधी विचारा, ते पाणी प्यायलं आहे का.